ऋतुजन्य ॲलर्जीवरील चिनी वनौषधी उपचार

ऋतुजन्य ॲलर्जीवरील चिनी वनौषधी उपचार म्हणजे वर्षाच्या ठरावीक काळात हवेतील परागकणांमुळे होणाऱ्या नासिकाशोथावर पारंपरिक चिनी वैद्यकाच्या तत्त्वांनुसार केली जाणारी, मुख्यतः वनस्पतिज औषधांची योजना होय. हे उपचार चीन, तैवान व हाँगकाँग येथे प्रचलित आहेत. चिनी वैद्यकातून विकसित झालेल्या जपानमधील कांपो आणि कोरियातील पारंपरिक वैद्यक या पद्धतींतही ते आढळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ऑस्ट्रेलिया, युरोप व अमेरिका येथेही त्यांचा वापर वाढला.

या पद्धतीत ॲलर्जीसाठी एकच ठरावीक औषध नसते. एकाच प्रकारच्या परागकणांनी त्रस्त झालेल्या दोन रुग्णांना त्यांच्या लक्षणसमूहानुसार वेगवेगळे कल्प दिले जाऊ शकतात. या कल्पांतील काही वनस्पतींचे औषधी गुण रसायनशास्त्रीय संशोधनातून सिद्ध झाले आहेत; माहुआंग ही वनस्पती व तिच्यातील एफेड्रिन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मात्र संपूर्ण कल्पांच्या परिणामकारकतेविषयीचा पुरावा मर्यादित असून काही घटकद्रव्ये यकृत, वृक्क किंवा हृदय यांना अपायकारक ठरू शकतात.

आजाराचे स्वरूप

ऋतुजन्य ॲलर्जीत लागोपाठ शिंका येणे, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहणे, नाक चोंदणे, तसेच नाक, टाळू व डोळे यांना खाज सुटणे ही प्रमुख लक्षणे असतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा एरवी निरुपद्रवी असलेल्या परागकणांना घातक समजून त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. पुढील संपर्काच्या वेळी या पेशींतून हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर पडतात आणि काही मिनिटांतच लक्षणे सुरू होतात.

परागकणांचा प्रकार प्रदेशानुसार बदलतो. उत्तर चीनमध्ये वसंत ऋतूत सरूवर्गीय वृक्षांचे, तर ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत आर्टेमिसिया प्रजातीतील वनस्पतींचे परागकण ॲलर्जीस मुख्यत्वे कारणीभूत ठरतात. याच प्रजातीतील काही वनस्पतींना चिनी वैद्यकात मानाचे स्थान आहे. एका जातीची वाळलेली पाने शेक देण्यासाठी जाळली जातात, तर आर्टेमिसिया ॲनुआ या जातीपासून मिळवलेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या शोधासाठी थू योयो यांना २०१५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

इतिहास

प्राचीन चिनी साहित्यात परागकणांचा या विकाराशी असलेला संबंध नोंदलेला नाही. परंतु ऋतू आणि शिंका यांचा संबंध मात्र स्पष्टपणे आढळतो. ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूलभूत ग्रंथात नाक वाहण्याचा विकार वसंत ऋतूत विशेषत्वाने होतो, असे प्रतिपादन आहे. ‘लीजी’ या ग्रंथातील ऋतुचर्येच्या प्रकरणात शरद ऋतूच्या अखेरीस उन्हाळ्याचे आचार पाळले गेल्यास प्रजेला नाक वाहणे व शिंका यांचा त्रास होईल, असे म्हटले आहे. या लक्षणांसाठी वापरली जाणारी ‘बी छ्यू’ ही जुनी संज्ञा आजही चीनमधील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत ॲलर्जिक नासिकाशोथासाठी रूढ आहे.

आज वापरात असलेले बहुतेक कल्प मुळात ॲलर्जीसाठी रचलेले नव्हते. हान राजवंशाच्या अखेरच्या काळातील वैद्य चांग चुंगचिंग यांनी थंडीमुळे होणाऱ्या तीव्र विकारांवर ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ रचला व त्यात ‘श्याओ छिंग लुंग थांग’ हा काढा सांगितला. सुंग काळातील यान युंगह यांनी १२५३ साली सिद्ध केलेल्या ‘जीशंग फांग’ या ग्रंथात नाकातून होणाऱ्या दीर्घकालीन स्रावासाठी ‘त्सांग अर त्झ सान’ हे चूर्ण येते. पचनसंस्थेच्या दौर्बल्यास अनेक रोगांचे मूळ मानणाऱ्या ली दुंगयुआन (११८०–१२५१) यांनी ‘बू चुंग यी ची थांग’ हा कल्प रूढ केला. चू दानशी (१२८१–१३५८) यांच्या शिष्यपरंपरेने संकलित केलेल्या ‘दानशी शिन्फा’ या ग्रंथात ‘यू फिंग फंग सान’ या चूर्णाचा समावेश आहे.

युरोपात या विकाराचे स्वतंत्र वर्णन इंग्रज वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली केले आणि चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली परागकण हेच त्याचे कारण असल्याचे प्रयोगांद्वारे दाखवले. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली सुचवली. विसाव्या शतकात चिनी वैद्यांनी ही आधुनिक निदानश्रेणी स्वीकारली आणि जुन्या कल्पांची तिच्याशी सांगड घातली. त्यामुळे ‘चिनी वैद्यक हजारो वर्षांपासून ॲलर्जीवर उपचार करीत आहे’ हे विधान शब्दशः खरे नाही. लक्षणे व कल्प प्राचीन असले, तरी ॲलर्जी या संकल्पनेशी त्यांचा मेळ आधुनिक काळातील आहे.

सैद्धांतिक भूमिका

चिनी वैद्यकानुसार शरीराच्या पृष्ठभागावर ‘वेइ ची’ म्हणजे रक्षक शक्तीचा संचार असतो. ती दुर्बल झाली की ‘वारा’ हा रोगकारक घटक थंडी किंवा उष्णता यांना सोबत घेऊन शरीरात शिरतो. अचानक सुरू होणारी, जागा बदलणारी व खाज निर्माण करणारी लक्षणे वाऱ्याची मानली जातात. शिंका व नाकाची खाज या वर्णनात बसतात. नाक हे फुप्फुसाचे द्वार समजले जात असल्याने फुप्फुसाकडे प्रथम लक्ष दिले जाते. येथे फुप्फुस, प्लीहा, वृक्क या शब्दांनी शरीररचनाशास्त्रातील अवयव नव्हे, तर कार्यांचे समूह अभिप्रेत असतात. प्लीहेकडे पचन व पोषण यांचे, तर वृक्काकडे शरीराच्या मूळ ऊबेचे कार्य सोपवलेले आहे.

नाडी, जीभ, स्रावाचे स्वरूप, झोप, भूक व थंडी-उष्णतेविषयीची संवेदना यांवरून वैद्य रुग्णाचा लक्षणसमूह ठरवतो. पाठ्यपुस्तकांत पुढील चार समूह प्रामुख्याने दिलेले असतात.

• फुप्फुसाच्या शक्तीचे दौर्बल्य व थंडी: गार वारा लागताच शिंका, पाण्यासारखा स्राव, सहज घाम येणे, वारंवार सर्दी.
• प्लीहेच्या शक्तीचे दौर्बल्य: नाक सतत चोंदलेले, थकवा, मंद भूक, पातळ शौच.
• वृक्काच्या यांगचे दौर्बल्य: जुनाट विकार, हातपाय व कंबर गार पडणे, थंडी सहन न होणे.
• फुप्फुसात दडलेली उष्णता: उष्ण हवेत शिंका, नाकात खाज, आतील त्वचा लाल, तोंडाला कोरड.

उपचारांत ‘शाखा’ आणि ‘मूळ’ असा भेद केला जातो. लक्षणे तीव्र असताना शाखेवर म्हणजे शिंका, स्राव व चोंदणे यांवर उपचार होतो. ऋतू सुरू होण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत मुळावर म्हणजे दुर्बल मानलेल्या शक्तीवर भर दिला जातो.

प्रमुख कल्प

यू फिंग फंग सान. या नावाचा अर्थ ‘वारा अडवणाऱ्या जेड पडद्याचे चूर्ण’ असा होतो. हुआंगची (ॲस्ट्रॅगॅलसचे मूळ), बायचू (ॲट्रॅक्टिलोडीसचे मूलकांड) व फांगफंग (सॅपॉश्निकोव्हियाचे मूळ) ही त्याची तीन घटकद्रव्ये आहेत. हुआंगची रक्षक शक्ती वाढवते, बायचू प्लीहेला बळ देते व फांगफंग वारा बाहेर घालवते, असे त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. प्रतिबंधक उपाय म्हणून तो ऋतूच्या आधी दिला जातो.

श्याओ छिंग लुंग थांग. ‘लहान नीलहरित ड्रॅगनचा काढा’ या अर्थाच्या या कल्पात आठ घटक असतात: माहुआंग, चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचे मूळ, सुंठ, शीशिन, वूवेइत्झ (शिसँड्राची फळे), बानश्या (पिनेलियाचा कंद) व ज्येष्ठमध. भरपूर पाण्यासारखा स्राव, शिंका व थंडी वाजणे ही त्याच्या वापराची लक्षणे होत. ॲलर्जिक नासिकाशोथावरील चिनी कल्पांमध्ये औषधशास्त्रीय दृष्ट्या तो विशेष अभ्यासला गेला आहे.

त्सांग अर त्झ सान. झॅन्थियमची काटेरी फळे, मॅग्नोलियाच्या कळ्या, बायची (अँजेलिका डाहुरिकाचे मूळ) व पुदिन्याच्या जातीची वनस्पती यांचे हे चूर्ण आहे. नाक चोंदणे, घट्ट स्राव व कपाळ दुखणे अशा वेळी ते वापरतात.

बू चुंग यी ची थांग. हुआंगची, जिनसेंग, बायचू, ज्येष्ठमध, चिनी अँजेलिका, वाळवलेली संत्रासाल इत्यादींचा हा कल्प थकवा व पचनदौर्बल्य असलेल्या रुग्णांना दीर्घकाळ दिला जातो.

डोळ्यांची खाज व लाली असल्यास मुख्य कल्पात शेवंतीची फुले मिसळण्याची प्रथा आहे.

औषधे तयार करण्याची पद्धत

पारंपरिक स्वरूपात वनस्पती पाण्यात उकळून काढा केला जातो आणि प्रत्येक घटकासाठी वेगळी सूचना असते. ‘शांगहान लुन’ मध्ये माहुआंग आधी एकटी उकळून तिच्यावर येणारा फेस काढून टाकण्यास सांगितले आहे. मॅग्नोलियाच्या कळ्यांवर बारीक लव असते व ती घशाला टोचते, म्हणून त्या कापडी पुरचुंडीत बांधून उकळतात. पुदिन्यातील सुगंधी तेल उडून जाऊ नये यासाठी तो अखेरच्या काही मिनिटांत घातला जातो. झॅन्थियमची फळे कच्ची वापरली जात नाहीत. विषारीपणा कमी करण्यासाठी ती आधी भाजून त्यांचे काटे काढले जातात.

आधुनिक काळात काढ्याऐवजी अर्काचे दाणे, गोळ्या व कॅप्सूल यांचा प्रसार झाला आहे. चीनमधील काही तयार औषधांत वनौषधींसोबत आधुनिक औषधेही असतात. उदाहरणार्थ, ‘बीयान्खांग’ गोळ्यांत झॅन्थियम व इतर वनस्पतींबरोबर क्लोरफेनिरामिन हे हिस्टामिनरोधक घटकद्रव्य म्हणून नमूद असते. अशा गोळ्यांनी आलेला आराम केवळ वनस्पतींचा मानता येत नाही. शिवाय त्यांनी गुंगीही येऊ शकते.

उन्हाळ्यातील सर्वाधिक तापमानाच्या दिवसांत पाठीवरील ठरावीक बिंदूंवर मोहरीच्या जातीच्या पांढऱ्या बियांचा व इतर उष्ण द्रव्यांचा लेप लावण्याची एक वेगळी प्रथा आहे. ‘हिवाळ्याचा रोग उन्हाळ्यात बरा करावा’ हे तिचे तत्त्व असून दम्यासाठी अशा लेपाचे वर्णन चांग लू यांच्या १६९५ च्या ग्रंथात आढळते. आज दरवर्षी चीनमधील अनेक रुग्णालयांत हे लेप लावून घेण्यासाठी रांगा लागतात. त्यांमुळे त्वचेवर फोड येण्याची शक्यता असते.

माहुआंग आणि एफेड्रिन

माहुआंग म्हणजे एफेड्रा प्रजातीतील पर्णहीन भासणाऱ्या झुडपांचे हिरवे दांडे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली त्यांतून एफेड्रिन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९२४ साली बीजिंगमधील पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात काम करणारे चेन के-ख्वेइ व कार्ल श्मिट यांनी त्याचा परिणाम ॲड्रिनॅलिनसारखा असून ते तोंडावाटे घेतले तरी प्रभावी ठरते, हे प्रसिद्ध केले. त्यानंतर एफेड्रिन जगभर दमा व नाक चोंदणे यांवर वापरात आले. याच वनस्पतीत आढळणारे स्यूडोएफेड्रिन आजही सर्दीच्या अनेक गोळ्यांत असते. ते नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करून सूज उतरवते.

श्याओ छिंग लुंग थांगमुळे नाक मोकळे होते, याचे एक कारण अशा रीतीने रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. तथापि जो गुण नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतो, तोच रक्तदाब वाढवतो व हृदयाची गती वाढवतो. अमेरिकेत एफेड्रायुक्त पूरक आहार वजन घटवण्यासाठी व क्रीडाक्षमता वाढवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. हृदयविकार, पक्षाघात व मृत्यू यांच्या नोंदींनंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली एफेड्रिनवर्गीय अल्कलॉइडे असलेल्या पूरक आहारांवर बंदी घातली.

जपानमधील वापर

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये इमारती लाकडासाठी सुगी या जपानी सीडरची विस्तीर्ण लागवड झाली. ही झाडे मोठी झाल्यावर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांचे परागकण मोठ्या प्रमाणात हवेत पसरू लागले. सुगीच्या परागकणांमुळे होणाऱ्या ॲलर्जीची नोंद निक्को परिसरातील रुग्णांवरून १९६४ साली प्रथम प्रसिद्ध झाली. आज ती तेथील सर्वांत व्यापक आजारांपैकी एक आहे.

जपानमध्ये श्याओ छिंग लुंग थांग हा कल्प ‘शोसेइर्यूतो’ या नावाने ओळखला जातो. कांपो औषधे आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉक्टरच लिहून देतात, प्रमाणित अर्काच्या रूपात ती कारखान्यांत तयार होतात आणि सुमारे दीडशे कल्पांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यातून भागवला जातो. परिणामी एकाच रुग्णाला हिस्टामिनरोधक गोळी व शोसेइर्यूतो ही दोन्ही औषधे एकाच डॉक्टरकडून मिळू शकतात.

वैज्ञानिक पुरावा

ऋतुजन्य ॲलर्जीवरील कोणत्याही उपचाराची परीक्षा करताना एक मूलभूत अडचण येते: परागकणांचा ऋतू संपला की लक्षणे आपोआप कमी होतात. ऋतूच्या मध्यावर औषध सुरू केलेल्या रुग्णाला काही आठवड्यांनी बरे वाटले, तर त्याचे श्रेय औषधाला द्यावे की ऋतुबदलाला, हे केवळ त्याच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. म्हणून त्याच काळात निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटाशी तुलना आवश्यक असते. कडू, उग्र वासाच्या काढ्यासारखे भासणारे निष्क्रिय औषध बनवणे कठीण असल्याने अशा चाचण्यांत बहुधा कॅप्सूल किंवा दाणे वापरले जातात.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत ऋतुजन्य ॲलर्जीच्या ५५ रुग्णांना आठ आठवडे वनौषधींच्या कॅप्सूल किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आल्या. वनौषधी घेणाऱ्या गटात लक्षणे अधिक कमी झाली. जर्मनीतील ५२ रुग्णांवरील व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही रुग्णांच्या स्वमूल्यमापनात सुधारणा दिसली. परंतु तेथे वनौषधी व ॲक्युपंक्चर एकत्र दिले गेल्याने वनौषधींचा वाटा वेगळा काढता येत नाही. शोसेइर्यूतोवरील जपानमधील दुहेरी-अंध चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली व तिचे निष्कर्ष अनुकूल होते. मात्र त्या चाचणीतील रुग्णांना ऋतुजन्य नव्हे, तर बारमाही ॲलर्जी होती.

उपलब्ध चाचण्या बहुतांशी लहान व अल्पकालीन आहेत. जवळजवळ प्रत्येक चाचणीत वेगळा कल्प वापरला गेल्याने एका चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या कल्पास लागू करता येत नाही. चीनमधील अनेक चाचण्यांत यादृच्छिक विभागणी व अंधता यांचे वर्णन अपुरे असते. प्रयोगशाळेत काही वनस्पतींचे अर्क मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडण्यास अटकाव करताना दिसले आहेत. परंतु तेवढ्यावरून माणसाच्या शरीरात तसाच परिणाम होईल, असे अनुमान काढता येत नाही. याउलट हिस्टामिनरोधके, नाकात फवारण्याची कॉर्टिकोस्टेरॉइडे व ॲलर्जीजन्य द्रव्याच्या वाढत्या मात्रा देणारी प्रतिरक्षा-उपचारपद्धती यांना मोठ्या चाचण्यांचा आधार आहे.

सुरक्षितता

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक हा समज या औषधांच्या बाबतीत विशेष घातक ठरू शकतो.

झॅन्थियमच्या फळांत कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड हे यकृतास घातक द्रव्य असते व चीनच्या अधिकृत औषधकोशात ती विषारी म्हणून नोंदलेली आहेत. या वनस्पतीची कोवळी रोपे आणखी धोकादायक असतात. २००७ साली ईशान्य बांगलादेशात पुरानंतरच्या अन्नटंचाईत ही रोपे भाजी म्हणून खाल्ल्याने ७६ जणांना विषबाधा होऊन १९ जणांचा मृत्यू झाला.

शीशिन ही ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती असून तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकते. हे आम्ल वृक्के निकामी करते व मूत्रमार्गाच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्याच्या औषधांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकियाची जात मिसळली गेल्याने शंभराहून अधिक स्त्रियांच्या वृक्कांना इजा झाली. या दोन वनस्पतींची चिनी नावे एकमेकांसारखी असल्याने हा घोटाळा झाला होता. शीशिनच्या पाना-देठांत हे आम्ल मुळांपेक्षा अधिक असल्याने २००५ च्या चिनी औषधकोशाने केवळ मुळे व मूलकांड यांनाच मान्यता दिली. काढ्यासाठी तिची मात्रा १ ते ३ ग्रॅम इतकीच ठेवलेली आहे.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा थायरॉइडची अतिसक्रियता असलेल्यांनी माहुआंग टाळावी, असे सांगितले जाते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटून रक्तदाब वाढू शकतो. अनेक कल्पांत तो असल्याने दोन कल्प एकत्र घेतल्यास नकळत मात्रा वाढते. चिनी अँजेलिकामुळे वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढू शकतो, तर अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना हुआंगची वर्ज्य मानली जाते. गर्भवती व स्तनदा स्त्रिया तसेच लहान मुले यांच्याबाबत सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे.

ऋतुजन्य ॲलर्जीच्या काही रुग्णांना दमाही असतो. वनौषधी सुरू केल्यावर दम्याचे श्वासातून घ्यायचे औषध परस्पर बंद करणे जीवावर बेतू शकते. धाप लागणे, छातीतून घरघर किंवा चेहरा व घसा सुजणे ही तातडीच्या रुग्णालयीन उपचारांची लक्षणे होत.

कायदेशीर स्थिती

चीनमध्ये पारंपरिक वैद्यक हा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांना राष्ट्रीय स्तरावर नोंदणी बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधींच्या सुलभ नोंदणीसाठी किमान ३० वर्षांचा वापर व त्यांपैकी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचा संघातील वापर दाखवावा लागतो. अमेरिकेत बहुतेक वनौषधी पूरक आहार म्हणून विकल्या जातात व विक्रीपूर्वी त्यांची परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. भारतात चिनी वनौषधी वैद्यकाचा आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील वैद्यकपद्धतींमध्ये समावेश नाही.

भारतातील वनस्पतींशी संबंध

चिनी कल्पांतील काही घटक मराठी घरांत परिचित आहेत. सुंठ व ज्येष्ठमध ही त्याची उदाहरणे होत. मात्र नावातील साम्यावरून वनस्पती एकच असल्याचे गृहीत धरता येत नाही. चिनी दालचिनी ही श्रीलंकेतील दालचिनीहून वेगळी जात आहे, तसेच कल्पात तिची साल नव्हे, तर कोवळ्या फांद्या वापरतात. झॅन्थियम महाराष्ट्रात शंकेश्वर या नावाने ओळखले जाते व पडीक जमिनीवर तण म्हणून वाढते. त्याची फळे किंवा रोपे घरगुती औषध म्हणून वापरणे वर उल्लेखिलेल्या विषारीपणामुळे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात ॲलर्जीस कारणीभूत ठरणाऱ्या गाजर गवताचा समावेश शेवंती, शंकेश्वर व आर्टेमिसिया यांच्याच सूर्यफूल कुळात होतो. एका वनस्पतीची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्याच कुळातील दुसरीचीही ॲलर्जी असू शकते. त्यामुळे गाजर गवताचा त्रास असलेल्या रुग्णाने ॲलर्जीवरील उपाय म्हणून घेतलेल्या शेवंतीच्या फुलांच्या काढ्याने लक्षणे उलट वाढण्याचा संभव असतो.